विसाव्या आठवड्यातली चौकशी

मिनलच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट चार दिवस झाले तरी फ्रिजवर आला नाही, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या घरात दवाखान्याचा कुठलाही कागद आधी फ्रिजवर येतो, तिथे मी चष्मा लावून तो वाचते आणि मग तो फाइलमध्ये जातो. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे असो की नातीच्या लसीचं कार्ड, या नियमातून कोणाची सुटका नाही. आणि सुनेची सोनोग्राफी होऊन आली, तर कागदच नाही. विचारलं की माझा मुलगा रोशन म्हणायचा, "उद्या देतो." उद्या देतो म्हणणाऱ्या लोकांची दारं वाजवण्यातच माझी चौतीस वर्षांची नोकरी गेली.

मी आरोग्यसेविका होते. लोक मला संशयी म्हणत, म्हणोत बापडे. जरीपटका भागाच्या मागच्या वस्त्यांमधल्या गरोदर बायांची यादी माझ्याकडे असायची. ज्या बाईला पहिली मुलगी, तिच्या नावाभोवती मी लाल पेनाने गोल काढायचे. हे खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हतं, माझं मीच सुरू केलं होतं. लाल गोलातली बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक गावाला गेली की तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात हजर. भरलं पोट घेऊन गेलेली बाई रिकामी परत आली की घरच्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं: बाळात दोष होता.

मायाच्या सासूनेही मला हेच सांगितलं होतं. माया माझ्या यादीतली बावीस वर्षांची पोरगी. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि त्यांचा चहा पिऊन परत आले. आठव्या दिवशी माया गेली. पोटात मुलगी आहे म्हणून तिला कुठल्याशा खोलीत नेऊन कोणी तरी पाच महिन्यांचं पोट पाडलं होतं, आणि बाळामागून पडणारी वार अर्धी आतच राहिली होती. अंगभर विष पसरलं. तो चहा मला आजही आठवतो आणि स्वतःचीच चीड येते. तेव्हापासून ते वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

आता माझ्याच घरातलं चित्र बघा. पहिली मुलगी, खुशी, चार वर्षांची. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, एकोणीस आठवडे झालेले. नेहमीचं सोनोग्राफी केंद्र सोडून दोघं महाल भागात कुठे तरी दुसऱ्याच ठिकाणी जाऊन आलेले. रोशन कोराडीच्या वीज केंद्रात टेक्निशियन, सुट्टी घ्यायची म्हटलं की त्याच्या जिवावर येतं, त्याने एकदम आठवड्याची रजा टाकलेली. मिनल घरी शिकवण्या घेते, तिने पोरांना सुट्टी दिलेली. दोघं स्वयंपाकघरात कुजबुजायचे आणि मी आत गेले की कुकरकडे बघत उभे राहायचे. लाल पेन हाताशी असतं तर मी तेव्हाच मिनलच्या नावाभोवती गोल काढला असता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी रोशन माझ्यासमोर येऊन बसला. मिनल दाराला टेकून उभी होती.

"आई, एक सांगायचं आहे."

"पाच दिवसापासून त्याचीच वाट पाहून राहिली मी. बोल."

"बाळात दोष आहे."

झालं. तेच वाक्य, आणि तेही माझ्या मुलाच्या तोंडून.

"कोणता दोष?" मी विचारलं.

"डोक्याचा वरचा भाग बनलाच नाही. कवटीच नाही. एक ठिकाणी सांगतलं, मंग डॉक्टर मॅडमनं महालात दुसरीकडे पाठवलं, तिथंही तेच निघालं. पोटातच जाईन म्हणे, नाहीतर जन्मल्यावर घंटा-दोन घंटे. शुक्रवारी अ‍ॅडमिट व्हायले सांगतलं."

"रिपोर्ट दाखव."

त्याने मिनलकडे पाहिलं. "हॉस्पिटलात आहे."

"हॉस्पिटलवाले कायले ठेवून घेतीन गा? पेशंटचा रिपोर्ट पेशंटजवळ राहते. हे तू मले सांगतं?"

मी मिनलकडे वळले. "तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे दिसते. तेव्हा काहून नाही दिसलं वं?"

"तेव्हा खुशीले डेंग्यू झाला होता ना, आई," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच तर होत्या तिच्याजवळ. ती सोनोग्राफी राहूनच गेली."

हे खरं होतं. आठ दिवस मी खुशीच्या उशाशी बसून होते. पण खऱ्या गोष्टीही बहाण्याला कामी येतात, हे मी शंभर घरांत पाहिलेलं. शिवाय मिनलच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. ती फरशीकडे बघत होती. ज्या बाईचं बाळ जाणार आहे तिने रडायला पाहिजे, असं माझं मत. मी ते बोलून दाखवलं नाही, एवढीच माझी कृपा.

"खुशी झाली तेव्हा तूच म्हणाला होता," मी रोशनला म्हणाले, "आता एक पोरगा झाला की बस."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "मजाकमध्ये म्हटलं होतं, आई. चार साल झाले त्याले. तू अजून पकडून बसली?"

मी पकडून बसतेच. तो माझा स्वभाव आहे आणि त्या स्वभावाने सात-आठ पोरी वाचवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी पंचफुलाला फोन लावला. ती माझ्या हाताखाली शिकली आणि आता खात्यात गर्भलिंगनिदानाच्या तक्रारी बघते. हॉस्पिटलचं नाव सांगितलं, पेशंटचं नाव सांगितलं, शुक्रवार सांगितला, माझं नाव कुठे येऊ देऊ नको म्हणून बजावलं.

ती म्हणाली, "बाई, हे तुमच्या घरचंच आहे न?"

"घरचं आहे म्हणूनच सांगून राहिली. दुसऱ्यायच्या घरी जायचं आणि आपल्या घरी डोळे मिटायचे का?"

"आणि खरंच दोष असला तर?"

"असला तर निघेल चौकशीत. दोन दिवसानं काही बिघडत नाही."

दोन दिवसांनी काही बिघडत नाही! चौतीस वर्षं बायांना "करायचंच असेल तर आजच जा, आठवडे वाढवू नका" असं ओरडून सांगणारी मी, आणि हे मी बोलले. पण तेव्हा मला माझी हुशारीच वाटली. मी फोन ठेवला आणि खुशीचा फ्रॉक दोन चिमटे लावून वाळत घातला.

शुक्रवारी सकाळी दोघं पिशवी भरून गेले आणि दुपारी पिशवीसकट परत आले. हॉस्पिटलात आदल्या दिवशी गर्भलिंगनिदानाच्या तक्रारीवरून चौकशी आली होती, रजिस्टरं उघडून झाली होती. कागद सगळे बरोबर निघाले, तरी डॉक्टर रितिका मॅडम धास्तावल्या. तक्रार झालेल्या केसमध्ये मी माझ्या एकटीच्या सहीने काही करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यातून आजच वीस आठवडे पूर्ण झाले होते, यापुढे कायद्याने दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. सरकारी दवाखान्यात पुन्हा सोनोग्राफी करून या, मग बघू.

"कोण असेल तो?" रोशनने पिशवी सोफ्यावर आपटली. "कोणाचं का बिघडवलं आम्ही?"

मी मेथी निवडत होते. "लोकायले कामधंदे नाहीत," मी म्हणाले. खोटं इतकं सहज निघालं की खरं तर मला स्वतःचाच संशय यायला हवा होता.

माझ्या दोन दिवसांचे तेरा झाले. सोनोग्राफीची तारीख सहा दिवसांनंतरची मिळाली. मध्ये महाशिवरात्रीची सुट्टी आली. ज्या मोठ्या डॉक्टरांची सही हवी होती ते लग्नाला गेले. आणि त्या तेरा दिवसांत मिनलच्या पोटातलं बाळ हलायला लागलं. जेवता जेवता ती मध्येच थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि लगेच हात काढून घ्यायची. शेजारणी बोरं घेऊन येत, "कितवा लागला वं मिनल?" विचारत. "पाचवा," म्हणून ती आत निघून जायची. वाटीतली बोरं खुशी खायची. मी सगळं बघत होते. तिला पोटाशी धरावंसं एकदा वाटलंही. पण बाई खरी की खोटी हे ठरल्याशिवाय जवळ घ्यायचं नाही, ही सवय इतकी मुरलेली होती की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

सरकारी दवाखान्यातल्या सोनोग्राफीला मी हट्टाने सोबत गेले. तिथल्या सिस्टर ओळखीच्या, मला आत उभं राहू दिलं. शेकडो बायांसोबत मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिलेली आहे, त्यामुळे थोडंफार मलाही कळतं. पाठीचा कणा दिसला, हृदय धडधडताना दिसलं, मांडीचं हाड दिसलं. चेहरा दिसला. डोळ्यांच्या वर काहीच नव्हतं. जिथे गोल डोकं असायला पाहिजे तिथे चित्र संपत होतं. डॉक्टरांनी दोनदा फिरवून बघितलं आणि लिहायला घेतलं. मिनलने मान भिंतीकडे वळवली होती. तिला ते पाहायचंच नव्हतं, कारण तिने ते आधी दोनदा पाहिलं होतं.

दोष खरा होता. रिक्षात बसल्यावर तरी मी माफी मागायला हवी होती. पण संशय हा फार जुना भाडेकरू, असा एका दिवसात खोली सोडत नाही. मी मनात म्हणाले, दोष खरा, मान्य. पण पोटात मुलगा असता तर हे दोघं इतक्या लवकर तयार झाले असते का? आणखी दहा डॉक्टर पालथे घातले नसते का? यांना कोणी मुलगी आहे म्हणून कानात सांगितलं तर नसेल?

बावीस आठवड्यांना एक दिवस कमी असताना मिनल भरती झाली. पहिली गोळी दोन दिवस आधीच दिली होती, आता कळा यायच्या गोळ्या सुरू होणार होत्या. त्याआधी रितिका मॅडमनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. संमतीची सही फक्त तिचीच लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच.

"बहुतेक बायका दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचं पहिलं बाळंतपण सिझरचं आहे. कळांनी जुन्या टाक्यांवर ताण येऊ शकतो. क्वचित गर्भाची पिशवी फाटते, म्हणून आम्ही गोळ्या बेताने देणार आणि नजर ठेवणार. वार अडकू शकते, मग भूल देऊन काढावी लागते. रक्त जास्त गेलं तर चढवावं लागेल. आणि दोन-तीन दिवसांनी दूध येईल, त्याची मनाची तयारी ठेवा. दूध आटायची गोळी देऊ."

शेवटचं वाक्य ऐकल्यावर मिनल पहिल्यांदा रडली. वार अडकण्याचं, पिशवी फाटण्याचं तिला काही वाटलं नाही. दूध येईल म्हटल्यावर ती ओढणी तोंडात कोंबून रडली. रोशन तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला आणि मी, तिच्या रडण्याची वाट बघणारी बाई, तिथे खुर्चीत बसून राहिले.

दुपारी एकच्या सुमारास बाळ बाहेर आलं. वार आली नाही. अर्धा तास, पाऊण तास. सिस्टर चादर बदलायला आली तेव्हा मी खालचा कपडा पाहिला. बाळंतिणीच्या अंगावरून किती जाणं बरोबर आणि किती नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही. मी "मॅडमले बोलवा!" म्हणून ओरडले. मिनलचे ओठ पांढरे पडले होते. तिला स्ट्रेचरवर घेतलं, दार बंद झालं, आणि रोशन रक्त आणायला धावला. मला समोर माया दिसत होती. तिचीही वार अशीच अडकली होती.

रक्ताच्या पिशव्या आत देऊन रोशन बाकावर माझ्या शेजारी बसला. त्याच्या मांडीवर दवाखान्याची फाइल होती. तिच्यातून तो महालातला रिपोर्ट डोकावत होता. मी तो ओढून काढला. तारखेत फेरफार नव्हता की खाडाखोड नव्हती. सगळं सरळ लिहिलेलं, खाली फोटो.

"कुठं होता हा?"

"कोराडीले. ड्यूटीच्या लॉकरमध्ये." तो दाराकडे बघत होता. "मिनल म्हणे तो फोटो घरात नको, खुशी उचलून पाहीन. तुले दिला असता तर तू फ्रिजवर ठेवला असता."

ठेवला असता. मी नक्कीच ठेवला असता.

"रोशन," मी म्हणाले, "ते तक्रार मी केली होती."

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "तेरा दिवस ते पोटात लाथा मारून राहिलं होतं, आई," तो म्हणाला. "मिनल मले म्हणे, तुम्ही हात नका लावू, तुम्हाले सहन नाही होणार. एकटीच सहन करून राहिली होती."

मी रिपोर्ट परत फाइलमध्ये ठेवला.

"तिले सांगू नको," तो पुढे म्हणाला. "काहीच सांगू नको. आत्ता तिले तू पाहिजे आहे. तिची माय बी.पी.नं पडून आहे, येऊ शकत नाही."

साडेतीनला रितिका मॅडम बाहेर आल्या. वार निघाली होती. रक्त बरंच गेलं होतं, दोन पिशव्या चढवल्या होत्या, पण जुने टाके शाबूत होते आणि गर्भाची पिशवी वाचली होती. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. मग विचारलंच, "मॅडम, तेरा दिवस आधी झालं असतं, तर हे टळलं असतं का?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "वार आधीही अडकू शकली असती. आठवडे वाढले की जोखीम वाढते, एवढंच मी सांगू शकते. हिच्या बाबतीत किती वाढली, ते कोणालाच कळणार नाही." त्यांनी मला टाळलं नाही आणि सोडवलंही नाही. मोठ्या प्रामाणिक बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन अंघोळीला घरी गेला आणि मी मिनलजवळ बसले. मी तिचे केस विंचरले, पेज भरवली, बाथरूमपर्यंत धरून नेलं. ती दोनदा "आई, तुम्ही थकल्या असाल" म्हणाली. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी अशी बोलत होती. मी ठरवलं की हिला आयुष्यात कधी काही कळू द्यायचं नाही, आणि उरलेलं आयुष्य हिच्यासाठी झिजायचं. मला खरंच तसं वाटत होतं.

अकराच्या सुमारास सिस्टर एक कागद घेऊन आली. बाळाला घरचे नेणार की हॉस्पिटलनेच सगळं करायचं, ते विचारून मिनलची सही हवी होती. मिनलने कागद हातात घेतला आणि नुसती बघत राहिली. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी थांबली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तिच्याकडे झुकले. हळूच बोलतेय असं मला वाटलं.

"सिस्टर, मुलगा होता का मुलगी?"

सिस्टर माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी वळले. मिनलने कागदावरून मान वर केली होती.

"खुशीच्या बाबानं नाही विचारलं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ. "माझ्या मायनं नाही विचारलं. मॅडमनं, सिस्टरनं, शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही नाही विचारलं. सारे हेच विचारत होते का मी कशी आहे." ती श्वास घ्यायला थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर काही तरी हळूहळू उमगत गेलं, आणि ते उमगताना मला दिसत होतं. "म्हणजे ते तक्रार तुम्हीच केली होती."

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे मी मघाशी सांगितलंच आहे. या वेळी ते आलं नाही.

"हो," मी म्हणाले.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने कागद मांडीवर सरळ केला, सिस्टरकडून पेन घेतलं आणि सही केली. मग उशीला टेकून तिने पाणी मागितलं. पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी होता. पाणी तिने सिस्टरला मागितलं.